जात्यावरची ओवी: मनातलं बोलायची जागा कशी घडली

‘महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात’ अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, 1290 ची. म्हणजे ओवी ग्रंथात जाण्याआधी उखळा-मुसळाशी होती. पुढे जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण आणि विठ्ठल एकाच ओळीत आले ते उगाच नव्हे.

ओवी जात्याला का चिकटली, हे जातं पाहिलं की कळतं. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधे खुंटी, कडेला लाकडी खुंटा. एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात वैरायचे. जास्त वैरलं तर भरड पडते. हात आखडला तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. छिन्नीने नुकती टाकी देऊन खडबडीत केलेल्या जात्याचंही पहिलं पीठ कचकचतं, म्हणून आधी थोडा कोंडा दळून घ्यायचा. ओवीच्या लयीने ओढ एकसारखी राहते आणि वैरणीचा हात चुकत नाही. दोघी समोरासमोर बसल्या तर खुंटा एकच, एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. वेळ पहाटेची, पुरुष झोपलेले, घरघरीत शब्द बुडालेले. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाने न केलेली चौकशी दिवसा बोलायची सोय नव्हती, इथे होती. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण या अर्थाने शब्दशः खरी.

यातल्या सीतेच्या ओव्या मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. वनात टाकलेली सीता रडते आहे आणि तिची समजूत काढायला येतात बोरी-बाभळी, बाया होऊन. फळाफुलांनी लगडलेली झाडं नाहीत, बांधावरची काटेरी झाडं. रामाला इथे जाब विचारला जातो, देव म्हणून सूट मिळत नाही. जिने हे रचलं तिचं नाव कुठेच नाही.

नाव उरलं ते बहिणाबाई चौधरींचं (1880–1951), तेही त्यांचा मुलगा सोपानदेव यांच्यामुळे. ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली, त्या गेल्यावर छापून आली. त्यात घरोटावर, म्हणजे जात्यावरच, एक कविता आहे: घरोटातून पिठी पडते तसं पोटातलं गाणं ओठी येतं, असं त्या सांगतात. ओवी कशी सुचते याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

साने गुरुजींनी ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. 1980च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक आता ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता येतात, काही आवाजासकट ऐकताही येतात. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती. बाईचे पहाटेचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण दोघींची ती समोरासमोरची बैठकही गेली.

आता जातं निघतं लग्नात. त्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाष्णी चार वेढे ओढतात, पहिली ओवी गणपतीला जाते. भोवती पाहुणे आणि मोबाइल. बोरी-बाभळींचा विषय तिथे कोण काढणार?