वेगाची बोट, प्रवाशाचा मणका आणि चालकाचा परवाना

२२ ऑगस्ट २०२० रोजी सकाळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनच्या खाडीत ‘सीडॉग्ज’ नावाची बोट अकरा पर्यटकांना घेऊन निघाली होती. ही रिब जातीची बोट. तळ टणक आणि दोन्ही कडांना हवा भरलेल्या जाड रबरी नळ्या. पर्यटकांनी पैसे मोजले होते ते थरारासाठी, त्यामुळे बोट जोरात वळणं घेत होती, फेरीबोटीच्या मागे उठलेल्या लाटा ओलांडत होती. तेवढ्यात ती ३८.४ नॉट वेगाने नॉर्थ-वेस्ट नेटली या बोयावर, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर, जाऊन आदळली. पंधरा वर्षांची एक मुलगी त्यात गेली आणि इतर प्रवासी जखमी झाले.

लख्ख उजेड होता. बोया नकाशात नोंदलेला, वर्षानुवर्षं एकाच जागी नांगरलेला. चालकही नवखा नव्हता. मग तो आदळला कसा? ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने या घटनेची सविस्तर चौकशी केली. समोर असलेला बोया चालकाच्या लक्षातच आला नव्हता, असं त्या तपासातून पुढे आलं.

३८.४ नॉट म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर, सेकंदाला जवळजवळ वीस मीटर. चालकाने मागे वळून प्रवासी नीट बसलेत का हे पाहण्यात अडीच सेकंद घालवले, तर तेवढ्यात बोट पन्नास मीटर पुढे गेलेली असते. एकामागून एक वळणं घेताना समोरचं दृश्य सतत बदलत राहतं. मघाशी डावीकडे असलेली वस्तू आता नाकासमोर येते. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. लाटेचा अंदाज, वळणाचा कोन, जवळच्या बोटी, प्रवाशांचा आरडाओरडा एवढं सगळं एकदम आलं की डोळ्यांसमोरची गोष्टही नजरेतून सुटते. म्हणून अशा फेऱ्या बोये, धक्के आणि इतर बोटींपासून लांब, मोकळ्या पाण्यात व्हायला हव्यात. कुशल चालकाकडूनही चूक होणार हे धरूनच अंतर ठेवायचं असतं.

टक्कर हा सर्वात भयंकर धोका, पण एकमेव नव्हे. या बोटींवर कशालाही न धडकता माणसं जखमी होतात, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

बोट लाटेवरून उसळून मीटरभर खाली आली असं समजा. पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. तो वेग दहा सेंटिमीटर अंतरात थांबला, तर बसलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी दहापट धक्का बसतो. पाणी दाबलं जात नाही, ते फक्त बाजूला सरकतं, आणि सरकायला त्याला वेळ लागतो. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ पाणी चिरत जातो, म्हणून धक्का थोडा लांबतो आणि सौम्य होतो. तळ सपाट असेल किंवा बोट तिरकी होऊन कुशीवर आदळली, तर थांबण्याचं अंतर आणखी घटतं आणि धक्का तेवढाच वाढतो.

हा धक्का जातो कुठे? बाकावर ताठ बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो माकडहाडाकडून थेट पाठीच्या कण्यात चढतो. छातीच्या पिंजऱ्याने जखडलेला वरचा कणा जिथे कमरेच्या लवचीक कण्याला मिळतो, तिथले मणके अशा वेळी सर्वात आधी दबतात. प्रवासी पुढे वाकून दांडी धरून बसला असेल तर मणक्याच्या पुढच्या भागावर जास्त दाब येतो आणि तो पाचरीसारखा चेपतो. २००८ मध्ये ब्रिस्टल खाडीत ‘सेल्टिक पायोनियर’ या रिबवर एका महिला प्रवाशाच्या मणक्याला असाच दाबाचा फ्रॅक्चर झाला. त्या बोटीची कुणाशीही टक्कर झाली नव्हती.

खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावरचा माणूस सर्वात जास्त उडतो. बोटीत मात्र उलट होतं. ती पाठीमागच्या भागाभोवती वरखाली झुलते, म्हणून सर्वात पुढे बसलेल्याला जबर आदळआपट सोसावी लागते. पुढची जागा सगळ्यांना हवी असते आणि उत्साही प्रवाशाला बहुतेकदा तीच मिळते. चालक मागे असतो, त्याला लाट येताना दिसते, सुकाणू हातात असतं, गुडघे आधीच वाकवता येतात. प्रवाशाला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘मला तर काही जाणवलं नाही’ हे चालकाचं म्हणणं खरं असूनही प्रवाशाच्या कामाचं नसतं.

कायद्याचीही इथे एक विचित्र गाठ आहे. युरोपात अंगाला बसणाऱ्या कंपनांवर २००२ च्या नियमाने मर्यादा घातली आहे, पण ती कामगारांसाठी. आठ तासांच्या सरासरीने मोजलेलं त्वरण १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापुढे जाता कामा नये. ब्रिटननेही ती स्वीकारली. बोटीवर पगारी काम करणाऱ्याचा मणका या नियमात येतो. शेजारी तिकीट काढून बसलेल्याचा येत नाही. मला हे मुळीच पटत नाही.

आता परवान्याकडे येऊ. ब्रिटनमध्ये बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या व्यावसायिक बोटीच्या चालकाला सहसा रॉयल यॉटिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र लागतं. पॉवरबोट लेव्हल टू हा त्यांचा अभ्यासक्रम दोन दिवसांचा आहे. त्यापुढची अॅडव्हान्स्ड परीक्षा खूपच कठीण आहे आणि तिच्यात रात्रीचं नौकानयनही येतं. व्यवसायासाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो. त्याला वैद्यकीय तपासणी आणि समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण लागतं. ही व्यवस्था चांगली आहे. पण या शिक्षणाचा गाभा काय आहे? लाट आली की वेग कमी करा, दुसऱ्याच्या मागच्या लाटांपासून दूर राहा, प्रवाशांना आदळू देऊ नका. थराराच्या फेरीत चालक नेमकं याच्या उलट करतो, तेही मुद्दाम, दिवसातून अनेकदा. त्या कामासाठी वेगळी पात्रता असायला हवी. लाटेवर किती वेगाने जायचं, कुणाला कुठे बसवायचं, कुणाला नम्रपणे नकार द्यायचा, वळणापूर्वी प्रवाशांना इशारा कसा द्यायचा, हे त्यात यायला हवं. ब्रिटनमध्ये अशा फेऱ्यांसाठी २०१० मध्ये आचारसंहिता तयार झाली, पण ती ऐच्छिक होती.

किल कॉर्ड ही साधी दोरीही याच शिस्तीचा भाग आहे. तिचं एक टोक चालकाच्या मांडीला असतं, दुसरं इंजिनाच्या स्विचला. चालक फेकला गेला की इंजिन बंद पडतं. मे २०१३ मध्ये कॉर्नवॉलच्या कॅमल खाडीत एका खासगी बोटीतून सहा जणांचं अख्खं कुटुंब पाण्यात पडलं. दोरी लावलेली नव्हती, बोट एकटीच त्यांच्याभोवती गरगरत राहिली आणि त्यातले दोघे दगावले.

मालवण, अलिबाग, कळंगुटच्या वाळूवरही आता बोटींचा आणि जेट स्कीचा थरार विकला जातो. जेट स्की पाण्याच्या फवाऱ्याने वळते. समोर काही आलं की घाबरून माणूस अॅक्सिलरेटर सोडतो, फवारा थांबतो आणि वळण्याची ताकदही जाते. पाच मिनिटांच्या सूचनेत हे सांगितलं गेलंच पाहिजे. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं शिक्षण देते, त्यामुळे शिकण्याची सोय घराजवळच आहे. वर्षानुवर्षं समुद्र वाचलेला कोळी तांडेल हे शिकायला बसला तर उत्तम चालक होईल, कारण भरती-ओहोटी आणि वाऱ्याचं ज्ञान त्याच्याकडे आधीच असतं.

बोटीत चढण्यापूर्वी चालकाला प्रमाणपत्र विचारायला संकोच करू नका. किल कॉर्ड त्याच्या पायाला आहे का ते बघा. लाइफ जॅकेट मापाचं मागा, मुलांसाठी तर आग्रहाने. पाठीचं दुखणं असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा गर्भारपण असेल तर ही फेरी टाळा. बसायचंच असेल तर मागची जागा धरा.