लिओनोव, अलेक्सेई अर्खिपोविच

(३० मे १९३४–११ ऑक्टोबर २०१९). सोव्हिएट अंतराळवीर, वैमानिक व चित्रकार. यानाबाहेर पडून मोकळ्या अवकाशात वावरणारे पहिले मानव. जन्म सायबीरियातील केमेरोवो प्रांतात, लिस्तव्यांका या खेड्यात. चुगुयेव येथील लष्करी वैमानिक विद्यालयातून ते १९५७ मध्ये उत्तीर्ण झाले. १९६० मध्ये वीस जणांच्या पहिल्या सोव्हिएट अंतराळवीर तुकडीत त्यांची निवड झाली.

१८ मार्च १९६५ रोजी पाव्हेल बेल्यायेव यांच्यासह ‘वस्खोद–२’ यानातून त्यांनी उड्डाण केले. या यानातील उपकरणे हवेने थंड ठेवली जात, त्यामुळे केबिन निर्वात करणे शक्य नव्हते. म्हणून ‘व्होल्गा’ नावाचा, फुगवून उभा करावयाचा एअरलॉक (केबिनमधील हवा न गमावता बाहेर पडण्यासाठीची बंदिस्त कोठडी) यानाला बाहेरून जोडला होता. (त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड व्हाइट बाहेर पडले, तेव्हा अमेरिकन ‘जेमिनी’ची अख्खी केबिनच निर्वात केली गेली.) अवकाशचालीचा अवधी सामान्यतः १२ मिनिटे ९ सेकंद दिला जातो. काही ठिकाणी सुमारे १० वा २० मिनिटे, तर अन्यत्र २३ मिनिटे ४१ सेकंद असे आकडे आढळतात. शेवटच्या आकड्यात निर्वात एअरलॉकमधील वेळही धरला आहे. प्रत्यक्ष बाहेर काढलेल्या वेळासाठी पहिला आकडा ग्राह्य मानणे बरे. ‘चाल’ हा शब्द रूढ झाला असला, तरी त्यात चालणे असे काही नव्हते. यानाला दोरीने बांधलेले तरंगणेच होते.

निर्वातात त्यांचा ‘बेर्कुत’ नावाचा अवकाशपोशाख फुगून ताठ झाला. लिओनोव यांनी त्यातील दाब सुमारे ०·४ वरून ०·२७ वातावरणापर्यंत (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) उतरवला आणि ते एअरलॉकमध्ये परतले. ठरल्याप्रमाणे पाय आधी घालण्याऐवजी आपण डोके आधी घातले व आत कसेबसे वळलो, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांच्या उत्तरायुष्यातील आठवणींत हा प्रसंग अधिकाधिक थरारक होत गेला, असे काही अभ्यासक मानतात. दाब कमी केल्याविषयी मात्र दुमत नाही. परतताना स्वयंचलित दिशानियंत्रण निकामी झाल्याने यान हाताने उतरवावे लागले. ते पेर्म प्रदेशातील बर्फाच्छादित अरण्यात उतरले आणि दोघांना दोन रात्री तेथेच काढाव्या लागल्या.

लिओनोव यांनी चंद्रमोहिमेचेही प्रशिक्षण घेतले, पण ती मोहीम झाली नाही. १९७१ मध्ये सहकारी व्हालेरी कुबासोव यांना क्षय असल्याच्या संशयावरून त्यांचा चमू ‘सोयुझ–११’ वरून बदलला गेला. त्यांच्या जागी गेलेले तिघेही परतीच्या प्रवासात मृत्यू पावले. जुलै १९७५ मध्ये लिओनोव व कुबासोव यांचे ‘सोयुझ–१९’ अमेरिकन ‘अपोलो’ यानाला कक्षेत जोडले गेले. पुढे १९९१ पर्यंत लिओनोव अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राच्या कामात होते. ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा किताब त्यांना दोनदा मिळाला. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

‘वस्खोद–२’ मध्ये त्यांनी रंगीत पेन्सिली नेल्या होत्या. तरंगत जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरे बांधले होते. त्यांनी काढलेला कक्षेतील सूर्योदय हे अवकाशात रेखाटलेले पहिले चित्र समजतात.