तो हिरवा थर घासू नका

परसात, पडक्या वाड्याच्या जोत्यापाशी किंवा नांगरलेल्या वावरात एखादं जुनं नाणं हाती लागलं की पहिली धाव चिंचेच्या कोळाकडे असते. घासून घासून नाणं लखलखीत होतं, पण ते ओळखण्याचा बराचसा पुरावा तोवर मोरीतून वाहून गेलेला असतो. हल्ली ऑनलाइन मिळणारे मेटल डिटेक्टर घेऊन अंगण धुंडाळणारेही वाढले आहेत. म्हणून सापडलेली वस्तू ओळखायची कशी, हे नीट सांगायला हवं.

मातीत पडलेल्या तांब्यावर आधी लालसर ऑक्साइडचा थर चढतो. त्यावर ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे हिरवं कार्बोनेट जमतं. हे खूप सावकाश होतं. त्यामुळे अक्षरांचे बारीक कंगोरे पुष्कळदा मूळ धातूत उरलेलेच नसतात, ते या थरातच टिकलेले असतात. चिंचेतलं आम्ल नेमका तोच थर विरघळवतं. मागे उरते गुळगुळीत तांबूस चकती. नाणं घट्ट हिरवं असेल तर ते सुरक्षित आहे असं समजावं. मात्र त्यावर फिकट हिरवी भुकटी फुटत असेल तर आत क्लोराइड शिरलं आहे. ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं, ते आणखी तांबं खातं आणि हे चक्र चालूच राहतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत याची भीती जास्त. असं नाणं सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबीत ठेवावं.

चांदीवर गंधकामुळे काळा थर येतो. सोनं जसंच्या तसं राहतं. शिशावर पांढरट राखी थर येतो. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. ती लाकडी पेटीत ठेवणं वाईट, कारण लाकडातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिसं पोखरलं जातं. शिसं विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत.

डिटेक्टर यातलं काहीच सांगत नाही. त्याच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत छोटे विद्युत्प्रवाह घुमू लागतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र यंत्र टिपतं. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकांत हे प्रवाह अधिक वेळ टिकतात, त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. तांब्याची तार आणि तांब्याचं नाणं त्याला जवळपास सारखंच. त्यातून आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि कोकणातला जांभाही लोहाने भरलेला. अशा जमिनीत यंत्र उगाचच किणकिणत राहतं. ते आधी जमिनीशी जुळवून घेतलं नाही, तर दिवसभर मातीच खणावी लागेल.

घरी करता येणारी पहिली चाचणी लोहचुंबकाची, पण तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नये. चिकटलं म्हणजे लोखंड असं नेहमीच नसतं. 1947 सालचा रुपया निकेलचा होता आणि निकेल चुंबकाला चिकटतं. आजची स्टेनलेस स्टीलची नाणीही चिकटतात. एका वजनदार तुकड्यावर चुंबक लावून ‘हे तर भंगार’ म्हणत फेकून देणाऱ्यांनी तो तुकडा आधी उन्हात धरून नीट पाहावा.

मला स्वतःला नाण्यांपेक्षा खिळे जास्त बोलके वाटतात. लोहाराने ऐरणीवर घडवलेला खिळा चौकोनी असतो, टोकाकडे निमुळता होत जातो आणि डोक्यावर हातोडीचे घाव दिसतात. तारेपासून यंत्रावर केलेला खिळा गोल असतो आणि वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. असे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सर्रास झाले. जोत्यालगत सगळेच खिळे चौकोनी निघाले तर बांधकाम त्याआधीचं असण्याची शक्यता वाढते. लोहार पुढेही चौकोनी खिळे घडवत राहिले, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. गंजून गोळा झालेलं लोखंड फोडू नये. आत काय आहे ते क्ष-किरणांनी दिसतं.

आता शिवराई. 1674 पासून पुढे पेशवाईभर आणि त्यानंतरही ही तांब्याची नाणी चालली, त्यामुळे गावोगावी सापडणारं हेच नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण हातात येतं तेव्हा बहुधा ‘जा’चा काना, ‘व’चं अर्धं पोट आणि कडेचे दोन-चार ठिपके एवढंच दिसतं. कारण ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, घाव बसला की कडेची अक्षरं चकतीबाहेर राहायची. चकती ओबडधोबड, वजन नाण्यागणिक वेगळं, आणि ‘शिव’ऐवजी ‘सिव’ असंही लिहिलेलं आढळतं. ‘छत्रपति’च्या ओळीशी दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती नंतरच्या काळातली दुदांडी शिवराई. रेघांची जागा, अक्षराचं वळण, बिंदूंची किनार या बारकाव्यांवरून जाणकार तिचा काळ ठरवतात, आणि हे बारकावे घासल्याने आधी जातात.

याच्या शेजारी ईस्ट इंडिया कंपनीचं 1791 सालचं मुंबई इलाख्याचं तांब्याचं नाणं ठेवून पाहावं. एका बाजूला तराजू, पारड्यांच्या मध्ये फारसीत ‘अदल’ म्हणजे न्याय, दुसऱ्या बाजूला कंपनीची मालावर उमटवायची खूण. कडा गोल, दोन्ही बाजू मधोमध. ते बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत यंत्रावर पाडलेलं आहे. नाण्यावरचं साल मात्र दर वेळी खरं मानता येत नाही. 1862 साल असलेले रुपये पुढे बरीच वर्षं तेच साल ठेवून पाडले जात होते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 1818 साल, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असं इंग्रजीत नाव आणि मारुतीची किंवा राम-सीतेची आकृती असलेलं जाड नाणं तुमच्याकडे असेल, तर ते कंपनीचं नाही. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. ही नंतर कुणीतरी पाडलेली पदकं आहेत. ‘तांदूळ ओढणारं नाणं’, ‘इरिडियमवालं भांडं’ म्हणून अशा वस्तू लाखो रुपयांना विकायचं आमिष दाखवलं जातं, आणि ‘तपासणी फी’च्या नावाखाली माणसं आयुष्याची कमाई गमावतात. तांब्याला तांदूळ ओढला जाईल असा कुठलाही गुणधर्म विज्ञानाला ठाऊक नाही.

वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची. इंग्लंडमधल्या सफोकमध्ये, हॉक्सनी गावात, 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. मातीत रोमन सोन्या-चांदीची नाणी दिसू लागली. त्यांनी थोडंफार काढून खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो भाग उकरला, म्हणूनच लाकडी पेटीच्या खुणा आणि आतल्या वस्तूंची मांडणी टिपता आली. सुमारे 15,000 नाणी निघाली. चांदीच्या जवळजवळ सगळ्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या, सम्राटाचा चेहरा मात्र राखलेला. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. चैत्याच्या, म्हणजे एकावर एक कमानींच्या, खुणेखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. एका राजाने दुसऱ्याचं चलन आपलं केलं, हे त्या ढिगाने सिद्ध केलं. तीच नाणी सुटी सुटी सोनाराच्या मुशीत गेली असती तर हा पुरावा गेलाच होता.

कायदाही ठाऊक असावा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला, अशी त्यात तरतूद आहे. न कळवल्यास वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांच्या आवारात डिटेक्टर घेऊन खणणं हा सरळ गुन्हा. जुना तोफगोळा किंवा काडतूस दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवावं.

नाणं सापडलं की फक्त मऊ ब्रशने सुटी माती झटका. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून, तिरप्या उजेडात काढा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. ग्रॅममधलं वजन, व्यास, सापडल्याची खोली आणि जागा लिहून ठेवा. हे घेऊन जवळच्या शासकीय संग्रहालयात, राज्याच्या पुरातत्त्व विभागात किंवा नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत विचारता येतं. पाहणाऱ्याला सगळ्यांत आधी हीच माहिती लागते.