पगारपत्रकाला रणगाड्याचे नियम

अमेरिकी सरकारने संगणक कसे विकत घ्यावेत, यासाठीचा पहिला मोठा कायदा १९६५ चा. टेक्सासचे काँग्रेस सदस्य जॅक ब्रुक्स त्यामागे होते. तेव्हा संगणक म्हणजे खोली व्यापणारे महागडे यंत्र. त्यामुळे खरेदीची सूत्रे ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी खरेदी पाहणाऱ्या एकाच यंत्रणेकडे देण्यात आली. यंत्रांपुरते ते ठीकच होते, पण तीच चौकट पुढे तीस वर्षे सॉफ्टवेअरच्याही गळ्यात राहिली.

१९८१ मध्ये संरक्षण खात्याला शस्त्रे, गुप्तवार्ता अशा कामांच्या संगणकांसाठी या कायद्यातून सूट मिळाली. पगार, हिशेब, पुरवठा आणि आस्थापना यांची नेहमीची कामे मात्र त्या सुटीबाहेर ठेवली गेली. मोठ्या कारभारी सॉफ्टवेअरचा वेगळा वर्ग माझ्या मते इथेच पडला, आणि तोही सावत्र म्हणून.

१९९४ मध्ये सिनेटर विल्यम कोहेन यांनी संगणक खरेदीतल्या गोंधळावर अहवाल काढला. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने १९६५ चा हा ब्रुक्स कायदा मोडीत काढला. खरेदीचे अधिकार खात्यांकडे गेले, मोठ्या खात्यांत संगणक-व्यवस्थेची जबाबदारी पाहणारे मुख्य माहिती अधिकारी आले, टप्प्याटप्प्याने कंत्राटे देण्यावर भर आला. त्यातली सर्वांत शहाणी अट अशी: पैसा ओतण्याआधी हे काम सरकारनेच करायला हवे का ते तपासा आणि कामाची जुनी पद्धत सुधारा. कागदावर ही अट उत्तम होती, पण पाळली कोणी?

अमेरिकी हवाई दलाने तरी पाळली नाही. पुरवठा आणि साठ्याच्या शेकडो जुन्या प्रणाल्या हटवून एकच तयार प्रणाली बसवण्याचा त्यांचा ‘ईसीएसएस’ प्रकल्प २०१२ मध्ये गुंडाळला गेला. तोवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्ची पडले होते. पुढे नेला असता तर आणखी सुमारे १.१ अब्ज डॉलर लागणार होते आणि मूळ क्षमतेच्या जेमतेम चौथा भाग पदरात पडणार होता. सिनेटच्या उपसमितीने २०१४ मध्ये दोष दाखवला तो मुख्यतः कामाची पद्धत बदलण्यातल्या टाळाटाळीवर. सॉफ्टवेअर बाजारातून तयार घ्यायचे आणि मग आपल्या जुन्या सवयींच्या मापाने उसवून पुन्हा शिवायचे, असा तो प्रकार होता.

संरक्षण खात्यातल्या अशा मोठ्या प्रणाल्या एरवी शस्त्रखरेदीच्याच नियमपुस्तिकेतून जात. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ५०००.७५ क्रमांकाचा स्वतंत्र निर्देश निघाला. आधी कामाची गरज आणि पद्धत ठरवा, मग शक्यतो तयार उत्पादन घ्या आणि त्यात कमीत कमी फेरफार करा, असे तो सांगतो. प्रणाली वापरणाऱ्या विभागालाही त्यात खरेदी अधिकाऱ्याइतकेच जबाबदार धरले आहे. काँग्रेसने पुढे अशा प्रणाल्यांवर देखरेखीची जबाबदारी खात्याच्या मुख्य व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे दिली होती. ते पद २०२१ च्या सुरुवातीला रद्द झाले.