मावशींचा कागद: कोर्स केल्याचा की काम येत असल्याचा?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमधून अंथरुणाला खिळलेला पेशंट घरी न्यायचं ठरलं, की घरचे आधी ब्युरोला, म्हणजे घरी पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन करतात. दिवसा बारा तासांची मावशी पाहिजे किंवा चोवीस तासांचा ब्रदर, म्हणजे हेच काम करणारा पुरुष, पाहिजे. येणाऱ्याच्या हातात लॅमिनेट केलेला कागद असतो. त्यावर फोटो, शिक्का आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ असं लिहिलेलं असतं. कागद बहुतेक वेळा खराच असतो, पण तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कोणती सांगतो, हे ना घरचे विचारत ना ब्युरो.

पहिली गोष्ट म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. ही बाई इतके महिने आमच्या वर्गात आली, हजेरी भरली, आमच्याच सरांनी घेतलेल्या परीक्षेत पास झाली, एवढंच ते सांगतं. ते मागच्या काळाबद्दल बोलतं आणि एकदा दिलं की कायमचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाचं प्रमाणन. इथे शिकवण्याशी संबंध नसलेलं कोणीतरी ठरलेल्या मापानं काम तपासतं. कुठे शिकलात याला फारसं महत्त्व नसतं, काय करता येतं हे बघितलं जातं. त्याला मुदत असते, ते पुन्हा सिद्ध करावं लागतं आणि गंभीर चूक झाली तर काढूनही घेता येतं.

आपल्याकडे गोंधळ होतो, कारण एकाच मावशींकडे दोन्ही कागद असू शकतात. आरोग्य क्षेत्रातल्या कामांच्या पात्रता ठरवणाऱ्या हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या जनरल ड्युटी असिस्टंट (एचएसएस/क्यू ५१०१) आणि होम हेल्थ एड (एचएसएस/क्यू ५१०२) या पात्रतांमध्ये शिकवणारी संस्था वेगळी आणि तपासणारी संस्था वेगळी असते. या व्यवस्थेवर देखरेख ठेवायला २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद नेमली गेली. म्हणून कागद हातात आला की संस्थेचं नाव सोडा, पात्रतेचा कोड, एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) पातळी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचं नाव शोधा. यातलं काहीच नसेल तर ती हजेरीची पावती आहे. वॉर्डात दहा वर्षं काम केलेल्या पण कोर्स न केलेल्या बाईंसाठी पूर्वानुभवाच्या मान्यतेचा, म्हणजे ‘आरपीएल’चा मार्ग आहे. पूर्ण कोर्स न करता त्यातून तपासणीला बसता येतं.

यातला कोणताही कागद मावशींना नर्स करत नाही. नर्सिंगचं शिक्षण वेगळं: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि दोन्हींना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. इंजेक्शन, सलाइन, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं ही कामं घरी मावशींना सांगायचीच नाहीत.

आता ज्यांना नागपुरात असं प्रमाणन उभं करायचं आहे त्यांच्यासाठी. हॉस्पिटल, ब्युरो, प्रशिक्षण संस्था, कोणीही असोत, पहिली चूक ठरलेली असते. कोर्सची पुस्तिका घ्यायची, त्यातून शंभर प्रश्न काढायचे आणि परीक्षेला प्रमाणन म्हणायचं. अशी परीक्षा पुस्तिका पाठ आहे का एवढंच तपासते. सुरुवात कामापासून व्हायला हवी. अनुभवी मावशी आणि ब्रदर, घरी जाणाऱ्या नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि पेशंट सांभाळलेले दोन-तीन नातेवाईक असे दहा-पंधरा जण बसवा आणि घरात खरोखर होणाऱ्या कामांची यादी करा. मग प्रत्येक कामाला दोन आकडे द्या: ते किती वेळा करावं लागतं आणि चुकलं तर किती इजा होते. परीक्षेतलं वजन या दोन आकड्यांवरून ठरतं.

अशी यादी इथेच केली तर दुसऱ्या शहरात लिहिलेल्या पुस्तिकेत न सापडणारी कामं वर येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीत कूलर चालू असला तरी म्हातारी माणसं तहान लागली असं सांगत नाहीत. लघवी गडद आणि कमी झाली, जीभ कोरडी पडली, बोलणं असंबद्ध झालं, हे ओळखता आलं पाहिजे. पण हृदय निकामी होत चाललेल्या पेशंटला डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातलेली असते, तिथे ‘भरपूर पाणी पाजा’ हे उत्तर चूक ठरतं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बरेच आहेत. त्यांना पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि कूलरचा गार झोत थेट अंगावर येऊ द्यायचा नाही, हेही यादीत हवं.

लेखी परीक्षेवर फार भार टाकू नका. मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याकडून आलेल्या कित्येक जणी हिंदी बोलतात, काही जणी जेमतेम वाचतात. मराठी-हिंदीत तोंडी प्रश्न आणि चित्रं दाखवून विचारलेले प्रश्न चालतात. मात्र औषधाच्या पट्टीवरचं नाव आणि मुदत वाचणं हा कामाचाच भाग आहे, त्यात सूट देऊ नये.

खरा कस प्रात्यक्षिकात लागतो. डावी बाजू लुळी पडलेल्या पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं आहे, असं समजा. खुर्ची उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या बाजूला करायच्या, पेशंटच्या पायात न घसरणारी चप्पल घालायची. आधी एक-दोन मिनिटं पलंगाच्या कडेवर बसवायचं, कारण झोपून एकदम उठवलं की बीपी उतरून चक्कर येते. धरायचं कमरेच्या पट्ट्याला. काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उचललं तर तो खांदा निखळू शकतो. यातल्या दोन पायऱ्या, ब्रेक आणि लुळ्या हाताची काळजी, निर्णायक ठेवा. त्या चुकल्या तर बाकी सगळे गुण मिळाले तरी नापास.

गुणपत्रिकेची भाषाही घट्ट हवी. ‘ब्रेक नीट लावले’ असं लिहिलं तर दोन परीक्षक दोन वेगळे गुण देतील. ‘दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहिली’ असं लिहिलं तर वाद उरत नाही. सुरुवातीच्या काही उमेदवारांना दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तपासावं. जिथे गुण जुळत नाहीत तिथली वाक्यं पुन्हा लिहावीत.

युरीन बॅग मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण फरशीला न टेकवता अडकवणं आणि दोन-तृतीयांश भरली की रिकामी करणं, ट्यूबमधून भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, ही कामंही अशीच उतरवून काढावीत. बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेबद्दल, एक जुनी सवय मोडायला लागते. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट चोळून पावडर लावतात, त्यानं खालची नाजूक कातडी आणखी दुखावते. बोटानं दाबून लाली जाते का ते बघायचं, त्या जागेवरचा भार काढायचा आणि नर्सला कळवायचं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे ती जागा गरम किंवा टणक लागते का ते बघायचं.

पास किती गुणांना? ३५ किंवा ५० ही शाळेची सवय आहे, तिचा इथे आधार नाही. प्रत्येक प्रश्नाला तज्ज्ञांना विचारायचं: जेमतेम पात्र असलेल्या १०० मावश्यांपैकी किती जणी हे बरोबर सांगतील? ६० प्रश्नांवर सरासरी ७० आली तर पास होण्याची रेषा ६० चे ७० टक्के, म्हणजे ४२. या पद्धतीला अँगॉफ म्हणतात.

व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक आहे. तोडीचा दुसरा कोर्स उपलब्ध असताना आमचाच कोर्स केला तरच परीक्षेला बसा, अशी अट त्यात चालत नाही. नागपुरात या क्षेत्रातली माणसं थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. म्हणून निदान इतकं पाळावं: कोणी आपल्या विद्यार्थ्याची परीक्षा घेऊ नये आणि निकालाच्या समितीत ब्युरोचा मालक नसावा.

मुदतीबाबत अमेरिकेचा नियम बघण्यासारखा आहे. तिथे १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या नर्स एडला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि राज्याच्या नोंदवहीत नाव बंधनकारक केलं. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि पेशंटशी गैरवर्तन सिद्ध झालं तर त्याची नोंद होते. आपल्याकडेही साधी नोंदवही पुरेल: क्रमांक, नाव, मुदत, चालू की रद्द. फोन करून घरच्यांना तेवढं कळलं पाहिजे. पत्ता आणि मोबाइल नंबर त्यात ठेवू नये, या बायका अनोळखी घरांत एकट्या राहतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष पैशांकडे होतं. परीक्षेला येणाऱ्या मावशींची त्या दिवसाची ड्युटी बुडते, त्यावर फी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच दरावर कामाला जायचं. मग कोण येणार? परीक्षा अर्ध्या दिवसात आटोपेल अशी बसवा आणि रात्रपाळी करून आलेल्यांना त्याच सकाळी बोलावू नका. फी ब्युरोनं भरावी. प्रमाणित मावशींचा वेगळा दर ब्युरोच्या दरपत्रकावर छापलेला असावा आणि त्यातला वाढीव भाग त्यांच्याच हातात पडतो हे करारात लिहिलेलं असावं. हे ठरल्याशिवाय पहिल्या परीक्षेची तारीख जाहीर करू नये.