गेन वाढवल्याने गोंगाट कमी होतो का?

‘सेन्सरचा सिग्नल क्षीण असेल तर गेन वाढवा, गोंगाट आपोआप दबेल’ असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. गेन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती पटीने वाढवतो ते, आणि गोंगाट म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेला नको असलेला विद्युत व्यत्यय. के-प्रकारच्या थर्मोकपलमधून (तापमान मोजणाऱ्या सेन्सरमधून) दर अंश सेल्सिअसला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, आणि लांब तारांत शिरणारा वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा व्यत्यय त्याहून मोठा असू शकतो. गेन वाढवला की दोन्ही सारख्याच पटीने वाढतात. अ‍ॅम्प्लिफायरनंतरच्या टप्प्यात मिसळणाऱ्या गोंगाटाविरुद्ध मात्र गेन खरोखर उपयोगी पडतो, आणि समजाचे मूळ बहुधा तिथेच असावे.

पिळलेल्या तारांच्या जोडीत व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच येतो, म्हणून केवळ फरक वाढवणारा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यासोबत लो-पास फिल्टर (कमी वारंवारतेचेच सिग्नल पुढे जाऊ देणारा) वापरावा. पडताळणीसाठी सेन्सर काढून तारांची टोके एकत्र जोडावीत आणि गेन दुप्पट करावा: ऑसिलोस्कोपवर (विद्युत लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) उरलेली लहरही दुप्पट झालेली दिसेल.