लो-कार्बने शुगर उतरली, पण एलडीएल चढलं त्याचं काय?

मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात जेवायला बसलात तर एकतरी लो-कार्बवाला भेटतोच. चपाती भात बंद, डब्यात पनीर नाहीतर उकडलेली अंडी, सुट्टीच्या दिवशी सुरमई पण रव्याशिवाय, आणि सकाळच्या कॉफीत चमचाभर तूप. वजन उतरतं, शुगर उतरते, घरचे खूष. मग काही महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, येतो आणि एलडीएलसमोर, म्हणजे "वाईट" म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलसमोर, ठळक अक्षरात "हाय". इथून लोक दोन वाटांनी जातात. एक घाबरून सगळंच सोडतो आणि परत वडापाववर येतो, दुसरा सांगत सुटतो की कोलेस्टेरॉल वगैरे सगळं थोतांड, औषध कंपन्यांनी पसरवलेलं. मला दोन्ही पटत नाही, पण दुसऱ्याची जास्त काळजी वाटते कारण त्याला काहीच दुखत नसतं, आणि धमनीत जे साठतं ते वर्षानुवर्षं गुपचूप साठत असतं.

आधी रिपोर्टच नीट बघू. समजा चाळिशीतल्या एका माणसाचे आकडे लो-कार्बच्या आधी असे होते: टोटल कोलेस्टेरॉल २१४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) ३६, सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलिटर. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. १९७२ साली आलेलं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे, टोटलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. म्हणजे २१४ वजा ३६ वजा ३८, एलडीएल १४०. आता लो-कार्बनंतर: टोटल २९२, ट्रायग्लिसराइड ७५, एचडीएल ५२. एलडीएल झालं २२५. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली टोटल आणि एचडीएलचा रेशो असतो, तो ५.९ वरून ५.६ वर आलाय, आणि ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल केलं तर ५.३ वरून थेट १.४. माणूस हे दोन रेशो बघतो आणि निश्चिंत होतो. आता टोटलमधून फक्त एचडीएल वजा करून बघा, म्हणजे नॉन-एचडीएल, धमनीत रुतू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. आधी १७८, आता २४०. रेशो सुधारले आणि रुतणारं कोलेस्टेरॉल वाढलं, दोन्ही एकाच कागदावर.

हे कसं होतं? लिव्हर चरबीने भरलेले कण रक्तात सोडतं, त्यांना व्हीएलडीएल म्हणतात. वाशी मार्केटमधून भरून निघालेला टेम्पो जसा ठिकठिकाणी माल उतरवत रिकामा होतो तसं हे कण स्नायूंना, चरबीच्या पेशींना ट्रायग्लिसराइड देत देत लहान होतात आणि शेवटी उरतो तो एलडीएल. भात, मैदा, साखर जास्त झाली की लिव्हर जादा साखरेची चरबी करून टेम्पो ठासून भरतं, म्हणून कार्ब कमी केले की ट्रायग्लिसराइड पटकन खाली येतं, आणि आपल्याकडे हे फार मोलाचं आहे कारण ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी भारतीयांमध्ये सर्रास दिसते. पण धमनीच्या भिंतीला त्रास होतो तो रस्त्यावर टेम्पो किती यावर, कुठल्यात किती माल यावर तेवढा नाही. प्रत्येक टेम्पोला एकच नंबर प्लेट असते, तिचं नाव अपो-बी, आणि अपो-बीची टेस्ट म्हणजे सरळ टेम्पोंची मोजणी.

रिकामे टेम्पो परत आत घ्यायचं कामही लिव्हरचंच, त्यासाठी त्याच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी हे शोधलं आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. आपल्याकडे लोक अंड्याच्या पिवळ्या बलकाला घाबरतात आणि तुपाची धार मात्र हात न आखडता सोडतात, खरं तर बहुतेकांच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बराच कमी, सॅच्युरेटेड फॅटचा बराच जास्त. तुपात साधारण ६० टक्के सॅच्युरेटेड, खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा तेलात २० च्या आत. शाकाहारी माणसाचं लो-कार्ब बहुतेक वेळा पनीर, चीज, तूप, बटर यावरच उभं असतं, मग आकडा चढला तर नवल नाही.

आणखी एक गोष्ट, बारीक माणसांची. लो-कार्बच्या बऱ्याच प्रयोगांचं एकत्र विश्लेषण २०२४ मध्ये आलं, त्यात ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या खाली त्यांचं एलडीएल ठळकपणे वाढलं होतं, ३५ च्या वरच्यांचं वाढलं नव्हतं. म्हणजे तुमच्या जाड्या मित्राला चाललं म्हणून रोज सकाळी शिवाजी पार्कला पळणाऱ्या सडपातळ माणसाला चालेल असं नाही. त्याच वर्षी निक नॉर्विट्झ नावाच्या एका सडपातळ कीटोवाल्याने, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच करणाऱ्याने, स्वतःवर प्रयोग करून छापला. रोज १२ ओरिओ बिस्किटं खाल्ली आणि १६ दिवसांत एलडीएल ३८४ वरून १११ वर आलं, नंतर वेगळं सहा आठवडे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, घेतलं तर घट एक तृतीयांशच्या आसपास. एकाच माणसाचा प्रयोग आहे, त्यावरून बिस्किटं खायला लागायचं नाहीये, पण अशा माणसाला थोडे कार्ब परत दिले तर आकडा किती हलतो ते यातून दिसतं.

मग "माझं एचडीएल मस्त, ट्रायग्लिसराइड मस्त, तर एवढं एलडीएल चालतं" या म्हणण्यात दम किती? माझ्या मते फारसा नाही. जन्मापासून पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे ज्यांचं एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं अशा लोकांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला, हे २००६ मध्ये छापून आलं. औषधांच्या मोठमोठ्या ट्रायल एकत्र केल्या तर एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या घटना पाचव्या हिश्श्याने घटतात. याच्या विरोधात सडपातळ कीटोवाल्यांचा २०२५ चा एक अभ्यास दाखवला जातो, १०० जण, वर्षभर, आणि त्यात अपो-बी आणि प्लाक (धमनीत साठलेला थर) वाढण्याचा संबंध दिसला नाही. पण त्यात सगळ्यांचंच एलडीएल प्रचंड होतं, तुलनेला नॉर्मलवाला गट नव्हता, आणि एकूणात प्लाक वाढलाच होता. यात दिलासा कुठे आहे ते मला तरी सापडत नाही, आणि आपल्याकडे तर हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयातच येतो.

म्हणून लो-कार्ब सोडा असं अजिबात नाही, शुगर उतरलीये ती खरी कमाई आहे. आधी वजन स्थिर होऊ द्या आणि मग टेस्ट परत करा, कारण झपाट्याने वजन उतरत असताना एलडीएल तात्पुरतं वर जाऊ शकतं. सोबत थायरॉइड बघा, तो मंद असला तरी एलडीएल चढतं. अपो-बी करून घ्या आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए, हा एलडीएलसारखाच एक कण, तो बहुतांशी आनुवंशिक असतो. ताटात बदल करायचा तर चरबीचा प्रकार बदला: कॉफीतलं तूप बंद, भाजी शेंगदाणा तेलात, पनीर रोज नको, त्याऐवजी बंदरावरचा ताजा बांगडा, तारली, मूठभर बदाम अक्रोड. मटकीची उसळ अर्धी वाटी परत आणा, पालेभाजी भरपूर, रात्री इसबगोल, त्यातला फायबर पित्ताम्ल बांधून बाहेर काढतो आणि लिव्हरला नवं पित्त करायला रक्तातलं एलडीएल ओढावं लागतं. दीडदोन महिने हे करून परत रक्त द्या, बऱ्याच जणांचा आकडा तेवढ्यात हलतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या आत आणि डायबिटीस, बीपीवाल्यांचं ७० च्या आत हवं. शुगरसाठीच लो-कार्ब करणाऱ्यांनी दुसरा आकडा लक्षात ठेवा आणि चालू असलेलं स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. ताट बदलूनही एलडीएल १९० च्या वरच राहत असेल तर डॉक्टरांना फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं जास्त कोलेस्टेरॉल, याबद्दल विचारा, हा साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि तो निघाला तर तुमच्या भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासावं लागतं, ती कितीही बारीक असली आणि काहीही खात असली तरी.